ढब्बूच्या गवताचं जाळं

त्या घरात सगळ्यांत जास्त स्वप्नं ढब्बूलाच पडत असावीत. ढब्बू म्हणजे तट्टू. उंची माणसाच्या छातीइतकी, घेर मात्र दोन माणसांच्या कवेत न मावणारा. दुपारी तो तबेल्याच्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपायचा आणि झोपेत त्याचे ओठ हलायचे. खालचा ओठ हळूच पुढे यायचा, हवेतलं काहीतरी ओढून घ्यायचा, मग दातांवर दात फिरायचे. "स्वप्नातसुद्धा चरतोय," आबा म्हणायचे. "जागेपणी पुरत नाही बिचाऱ्याला."

बिचारा कसला! जागेपणी ढब्बूने काय खाल्लं नव्हतं ते विचारावं. तबेल्याच्या दाराची कड, थोरलीच्या झग्याची दोन बटणं, टपालवाल्याच्या पिशवीचा पट्टा. आणि दोन महिन्यांपूर्वी कुंपणाची फळी सरकवून शेजारच्या कुरणात घुसला, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोवळ्या हिरव्या गवताचा फडशा पाडत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याचे पुढचे दोन्ही खूर तव्यासारखे तापले. निखाऱ्यावर उभा असल्यासारखा तो मागे रेलून उभा राहिला आणि हलेना.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला वाचवलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई, उंच, कमी बोलणाऱ्या, खिशात नेहमी एक छोटी पट्टी आणि पेन्सिल. जाताना त्यांनी थोरलीला अंगणात बाजूला घेतलं.

"हे एकदा निभावलं. पुन्हा खूर तापले तर माझ्याकडे औषध नाही, फक्त शेवटचं इंजेक्शन आहे. कळतंय ना?"

थोरलीला कळलं. एरवी एक म्हातारं तट्टू गेलं असतं तर ती रडली असती, चार दिवस गप्प बसली असती, आणि मग बंदरातल्या होड्यांची कापडी आवरणं शिवायच्या आपल्या मशीनवर परत बसली असती. पण ढब्बू एकटा जाणार नव्हता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत तिचे वडील, आबा, खिडकीतल्या खुर्चीतून उठायचे ते फक्त ढब्बूसाठी. सकाळी सहाला जिन्यावर त्यांची पावलं वाजायची, तबेल्याची कडी निघायची, आणि खाली ते त्याच्याशी काहीबाही बोलायचे. माणसांशी बोलणं त्यांनी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. ढब्बू गेला तर त्यांना उठायला कारण राहणार नाही, आणि न उठणारा म्हातारा किती दिवस काढतो, हे तिने गल्लीतल्या दोन घरांत पाहिलं होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो असा.

थोरलीला थोरली म्हणायचं कारण म्हणजे एक धाकटीही होती. पण ती लग्न करून लांबच्या शहरात गेली होती आणि दर रविवारी फोनवरून सल्ले देण्यापुरती घरात होती.

डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिला तो सोपा वाटणारा, पण पाळायला महाकठीण. हिरवं बंद. फक्त सुकं गवत, तेही तोलून. आणि ते एकदम पुढ्यात टाकायचं नाही, बारीक भोकांच्या जाळ्यात भरून टांगायचं, म्हणजे एकेक काडी ओढून खाताना दिवस जाईल. "घोड्याचं पोट गच्च भरू द्यायचं नाही, आणि रिकामं तर मुळीच राहू द्यायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीने कागदावर लिहून दिलं: जाळ्याचं भोक चार सेंटीमीटर.

मग सुरू झाली जाळ्यांची वरात.

पहिलं जाळं सुताचं. दिसायला इतकं छान की थोरलीला वाटलं, याचा पडदा शिवावा. ढब्बूने ते दीड दिवसात संपवलं. गवतासकट, असं म्हटलं तरी चालेल. दुसरं नायलॉनचं, बिनगाठीचं, मऊ. त्याला ढब्बूने दातांनी एकच भोक पाडलं, पण बेतशीर, स्वतःच्या डोक्याच्या मापाचं. सकाळी थोरली गेली तर तो मुंडकं जाळ्यात घालून, गवताच्या उबेत डोळे मिटून उभा होता. कान तेवढे बाहेर. इतका सुखी चेहरा तिने आयुष्यात कुणाचा पाहिला नव्हता.

घोड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने तिसरं जाळं काउंटरवर आपटलं. जाड पट्ट्यांचं, कोपऱ्यात रिवेट मारलेलं. "हे बैलाला तुटणार नाही."

ते तुटलं नाही, हे खरं. ढब्बूने ते कडीतून काढलं. ओठांनी, अगदी सावकाश, आपण कुलूप उघडतो तसं. खाली पाडलं, त्यावर नाचला आणि पाय अडकवून घेतला. थोरली वेळेवर पोहोचली म्हणून पाय मोडला नाही. दुकानदाराने तिची हकिगत ऐकून घेतली आणि विचारलं, "बाई, हे तट्टू आहे की दरोडेखोर?"

थोरलीने हात टेकले. त्या दुपारी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर तिन्ही जाळ्यांची प्रेतं मांडून बसली होती. बाहेर बंदरावरून धुकं येत होतं आणि खिडकीच्या काचा दुधाळ झाल्या होत्या. आबा पाणी प्यायला आले, थांबले. त्यांनी दुसऱ्या जाळ्याचा फाटका तुकडा उचलला आणि अंगठ्याने चोळून पाहिला.

"हे काय आहे?"

"जाळं आहे आबा."

"ही पिशवी आहे," आबा म्हणाले. "यात गाठ कुठंय? गाठ नाही ते जाळं कसलं?"

दोन वर्षांत एका दमात बोललेली ही त्यांची सर्वांत मोठी वाक्यं. थोरली श्वास रोखून बसली, रानातलं पाखरू उडून जाईल अशी भीती वाटावी तशी.

आबांनी आयुष्यभर मासेमारीची जाळी विणली होती. बंदरातल्या निम्म्या होड्या त्यांच्या गाठींवर भरवसा ठेवून समुद्रात जायच्या. मग कारखान्यातून तयार जाळी यायला लागली, नंतर आई गेली, आणि माडीवरच्या जाळ्यांच्या खोलीचं दार जे बंद झालं ते बंदच राहिलं. त्या दुपारी आबांनी ते उघडलं. दार फुगून बसलं होतं. त्यांनी खांदा लावला.

आत सगळं जसंच्या तसं होतं. तुळईवरून अर्धवट जाळी लोंबत होती, दाराच्या वाऱ्याने ती जरा हलली आणि पुन्हा स्थिर झाली. कोपऱ्यात दोऱ्याची रिळं. भिंतीला लाकडी सुया, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेल्या. आणि एका खिळ्याला, दोरीत ओवलेला, लाकडी पट्ट्यांचा जुडगा. जितक्या मापाचं भोक, तितकी वेगळी पट्टी. तिच्याभोवती दोरा फिरवून गाठ मारायची, म्हणजे सगळी भोकं सारखी येतात. लहानपणी थोरली आणि धाकटी त्या पट्ट्यांचं घर बांधायच्या.

"डांबर लावलेला दोरा नको," आबा स्वतःशीच बोलले. "तोंडात जाणार त्याच्या." त्यांनी पांढरा, पिळाचा, मोठ्या माशांच्या जाळ्याचा दोरा काढला, दातात धरून ओढला आणि समाधानाने मान हलवली. "भोक केवढं म्हणाली ती?"

"चार सेंटीमीटर."

आबांनी जुडग्याकडे न बघताच बोटांनी चारची पट्टी काढली.

त्यानंतरचे आठ दिवस थोरलीला पुढे कधी आठवले तर ते सलग आठवत नसत, एखाद्या लांबलचक झोपेसारखे आठवत. धुकं हटलंच नाही. खाली तिचं मशीन चालायचं, वर आबांची सुई. मशीन थांबलं की तिला छतातून दोरा ओढल्याचा आवाज ऐकू यायचा, सर्र, आणि मग गाठ आवळताना आबांच्या नाकातून निघणारा तो हुंकार. मग कापडाच्या निळ्या ढिगाऱ्यावर तिची मान कलायची. तिला स्वप्न पडायचं की घराभोवतीच कुणी जाळं विणतंय. छपरावरून सावकाश खाली येतंय, खिडक्यांवरून, दारावरून, आणि भोकाभोकांतून गवताचे तुरे बाहेर आलेत. आत आई आहे, तिला अजून काही कळलेलं नाही. ती विचारतेय, "बाहेर कोण आहे गं?" थोरली सांगणार एवढ्यात जाग यायची.

जेवताना आबा बोलायचे. थोडंसंच, पण बोलायचे. गाठ दुहेरी का हवी, दोरा आधी भिजवायचा का. "ढब्बूचे दात चपटे आहेत, कापत नाहीत, घासतात. गाठीवर घासत बसू दे वर्षभर." धाकटीचा रविवारी फोन आला तेव्हा थोरलीने रिसीव्हर जिन्यात नेऊन धरला. "ऐक," ती कुजबुजली. सर्र. हुंकार. पलीकडे धाकटी रडायला लागली.

जाळं टांगलं त्या सकाळी ढब्बूने त्याच्याकडे असं पाहिलं, जसा सराईत चोर नव्या कुलपाकडे बघतो. त्याने चावा घेतला. गाठ दातांत फिरली, सुटली नाही. ओढलं. ताणलं गेलं, तुटलं नाही. कडीही आबांनी दोरीने अशी बांधली होती की ओठांना तिथे काही करता येईना. शेवटी तो मागे सरला आणि फुरफुरला, आणि आबा हसले. खो खो हसले, खोकला येईपर्यंत. थोरलीने तोंड फिरवलं आणि उगाचच गवताची पेंडी सारखी केली.

आणि मग घरात शांतता उतरली.

ढब्बूच्या लाथा हे त्या घराचं घड्याळ होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो खायला मागत दारावर लाथा घालायचा. त्या थांबल्या. जाळ्यातलं गवत, जे पूर्वी दोन तासांत गडप व्हायचं, ते आता दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्याहून जास्त शिल्लक असायचं. "पुरतंय की नाही?" आबा विचारायचे आणि वरून एक मूठ टाकून जाळं पुन्हा भरायचे. ढब्बू धुक्यात उभा राहायचा, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, कुठल्यातरी फार लांबच्या कुरणाचा विचार करत असल्यासारखा. "शहाणा झाला," आबा म्हणाले. "म्हातारपणी सगळेच होतात." थोरलीलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे तिला शंका यायला हवी होती. हावरट प्राणी चार दिवसांत साधू होत नसतो. पण घर इतक्या दिवसांनी सुखात होतं, आणि सुखात असलेल्या घरात शंका काढायला कुणाची जीभ रेटते?

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई खूर बघायला आल्या. आबा जेवून वर झोपले होते. खूर थंड होते. थोरलीने सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टरीणबाईंनी सोडला नाही. त्यांनी ढब्बूचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोटाला कान लावला, खिशातलं गाजर त्याच्या तोंडाशी धरलं.

ढब्बूने गाजराचा वास घेतला आणि मान वळवली.

ढब्बूने गाजर नाकारलं!

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं आणि नळी खिडकीच्या कठड्यावर उभी करून ठेवली. थोड्या वेळाने रक्त खाली बसलं. वर जे निवळ पिवळसर पाणी यायला हवं होतं, ते दुधासारखं पांढरं होतं.

"हा उपाशी आहे," त्या म्हणाल्या. "चार दिवस तरी. लठ्ठ तट्टू उपाशी राहिलं की अंगातली चरबी वितळून रक्तात उतरते, आणि मग त्याची भूकच मरते. तो शांत नाहीये. तो चाललाय."

"पण गवत तर समोर आहे!"

डॉक्टरीणबाईंनी खिशातली छोटी पट्टी काढली आणि जाळ्याच्या एका भोकाच्या बाजूला लावली. मग दुसऱ्या. "दोन सेंटीमीटर. मी चार लिहून दिले होते. यातून त्याला काडीसुद्धा नीट निघत नसणार."

"चारच आहेत," थोरली म्हणाली. आबांचा हात मापात चुकत नाही. तिने ते भोक समोरासमोरच्या दोन गाठींना धरून ताणलं, लहानपणापासून पाहत आली होती तसं, आणि डॉक्टरीणबाईंकडून पट्टी घेऊन लावली. बरोबर चार.

मग तिला कळलं. मासेमारीचं जाळं मोजतात ते ताणून, या गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. पाण्यात ते ताणलेलंच असतं; माशाला जायला वाट किती, ते तसंच कळतं. म्हणून चारची पट्टी मुळात दोनच सेंटीमीटर रुंद असते. बंदरातल्या कुठल्याही जाळेवाल्याने हेच केलं असतं. बाकी सगळं जग भोकाची एक बाजू मोजतं. ती जाळेवाल्याची पोर. तिने कागद हातात धरला होता, आणि तिच्याही डोक्यात आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी ढब्बूच्या नाकातून नळी घालून साखरपाणी आणि पेज पोटात सोडली. "दर तासाला हाताने भरवा. सुकं गवत मोकळं टाका, चिमूटभर हिरवंही द्या. खुरांचं नंतर बघू, आधी जीव. उद्या सकाळपर्यंत स्वतःहून खायला लागला तर वाचला." त्यांनी बॅग बंद केली. "वडिलांना जाळ्याचं सांगा."

"नको," थोरली म्हणाली. "त्यांना नको सांगू या."

डॉक्टरीणबाईंनी बॅग उचलली आणि त्या गेल्या.

आबा उठून खाली आले तेव्हा थोरलीने सांगितलं की ढब्बूला सर्दी झालीय. मान वर करायला त्रास नको म्हणून थोडं गवत खालीच टाकायला सांगितलंय. आबा "हं" म्हणाले आणि त्याच्या मानेवर हात फिरवत बसले. ते अंगणातल्या हौदावर पाणी आणायला गेले तेवढ्यात थोरलीने शिवणकामाची मोठी कात्री आणली. दोन भोकांमधला एकेक दोरा तिने छाटला. एक सोडून एक, वरपासून खालपर्यंत, जमेल तेवढं घाईघाईने. दोरा कापताना करकरायचा. आठ दिवसांचे हुंकार तिच्या कानात होते आणि ती कापत होती. हे केलं की कुणाला काही कळणार नाही. ढब्बू वाचला तर जाळ्याने वाचला, आणि नाही वाचला तर सर्दीने गेला. आपल्या हाताने त्याला उपाशी मारलं हे कळलं तर आबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि या वेळी कुणीच त्यांना उठवू शकणार नाही. हे तिला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं.

रात्रभर ती दर तासाला उठून ढब्बूच्या तोंडाशी मूठ धरत राहिली. सकाळी ती डोळे चोळत तबेल्यात आली तेव्हा आबा तिच्या आधी तिथे होते. उलट्या केलेल्या बादलीवर बसलेले, मांडीवर जाळं. दारातून धुक्याचा एक पांढरा पट्टा आत आला होता. ढब्बू त्यांच्यासमोर उभा होता, मान खालीच.

"हे कुणी कापलं?" आबांनी वर न बघता विचारलं.

"उंदीर असेल," थोरली म्हणाली.

"उंदराने कात्री कधीपासून घेतली?"

आबांनी एक न कापलेलं भोक शोधलं, दोन गाठी धरून ताणलं, सैल सोडलं. पुन्हा ताणलं. मग तसंच धरून ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं एकेक करून उतरताना तिला दिसलं.

"ती ताणून म्हणाली नव्हती," ते म्हणाले.

"नाही."

"किती दिवस उपाशी होता?"

"चार."

"आणि तू मला सर्दी सांगितलीस."

"आबा, तुम्हाला त्रास होईल म्हणून—"

"त्रास होईल म्हणून!" आबा ओरडले. ढब्बूचे कान मागे गेले. दोन वर्षांत आबांचा आवाज असा चढला नव्हता. ते बादलीवरून उठले आणि जाळं तिच्यासमोर झटकलं. "आठ दिवस विणलं मी हे. त्यात चूक झाली ती माझी झाली. ती मला सांगायची सोडून तू कात्री घेतेस? मी काय इतका संपलोय की चूकसुद्धा माझी म्हणून माझ्या हातात द्यायची नाही?" त्यांनी जाळं खाली टाकलं. "तुझ्या आईच्या वेळीही हेच. तुम्ही दोघी आणि तो डॉक्टर. साधा खोकला आहे आबा, तुम्ही जा कामाला, म्हणालात. गेलो मी. महिनाभर रोज गेलो. ती खाली एकेक दिवस मोजत होती आणि मी वर बसून लोकांची फाटकी जाळी सांधत होतो. एका जिन्यावर होती ती माझ्यापासून. एका जिन्यावर!"

ही गोष्ट त्यांना माहीत आहे हेच तिला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून दोन वर्षं तिने आणि धाकटीने डोळ्यांत तेल घालून ती लपवली होती.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तिने कसंबसं विचारलं.

"तिनेच." आबा पुन्हा बादलीवर बसले. राग जसा आला तसा ओसरला होता, आता नुसता म्हातारा माणूस राहिला होता. "शेवटच्या संध्याकाळी. सगळं सांगितलं. आणि म्हणाली, तुम्हाला कळलंय हे पोरींना बोलू नका. त्यांना त्रास होईल."

थोरलीला हसू आलं. भलत्याच वेळी येतं तसं, आणि त्याच्यामागून रडू. आबाही तिच्याकडे बघून तोंड वाकडं करून हसले आणि त्यांनी बाहीने नाक पुसलं.

मग ते वाकले. खाली पसरलेल्या गवतातून त्यांनी मऊशी एक मूठ निवडली, तिच्यात हिरव्याच्या चार काड्या मिसळल्या आणि हात ढब्बूच्या तोंडाशी नेला. "माझं चुकलं रे," ते त्याला म्हणाले. अगदी साधेपणाने, शेजाऱ्याला म्हणावं तसं. "माप चुकलं माझं. खा."

ढब्बूने वास घेतला. बराच वेळ काही झालं नाही. आबांचा हात दमला, त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला. मग खालचा ओठ हळूच पुढे आला आणि एक काडी ओढून घेतली. चावली. थांबला, आठवत असल्यासारखा. मग दुसरी घेतली. तिसऱ्या वेळी त्याने काडी नाही, मूठच ओढली आणि आबांचं बोट चावलं.

"बस रे," आबा बोट झटकत म्हणाले आणि थोरलीकडे वळले. "वरून आठची पट्टी आण आणि नवा दोरा. याचं तर तू वाटोळं केलंस, याच्यात आता चिमणीही अडकायची नाही."

ती पट्टी घेऊन आली. आबांनी पहिला फास घातला, पट्टीभोवती दोरा फिरवला आणि सुई तशीच धरून थांबले.

"आता सांग."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दर तासाला—"

"ढब्बूचं नको, ते मला दिसतंय. तिचं सांग. तो महिना. मी वर असायचो तेव्हा ती काय करायची, काय बोलायची, कुठे दुखायचं तिला. काही गाळू नकोस."

थोरली त्यांच्यासमोर गवतावर मांडी घालून बसली. सांगायचं ते इतके दिवस आत दाबून ठेवलं होतं की कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, म्हणून तिने पहिल्या दिवसापासूनच सुरू केलं. आबांची सुई मधूनमधून थांबत होती, पण त्यांनी एकदाही पुरे म्हटलं नाही.